सातशे किलोचे सुळे

नेव्हिल पास्कोने फोर्क विकत घेतले ते जड माल उचलायला, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा. न विचारणाऱ्यालाही सांगायचा. खरं कारण एवढंच होतं की शेजारच्या डार्सी हॅनिगनकडे कशासाठीही जायची पाळी पुन्हा येऊ नये.

फोर्क म्हणजे दोन लोखंडी सुळे. ट्रॅक्टरच्या पुढचं बकेट असतं ना, माती-खडी भरायचं, त्याच्या ओठावर हे सुळे अडकवायचे, वरून स्क्रू पिळून आवळायचे, की झालं. लाकडी पॅलेटवर रचून आलेला माल त्याखाली सुळे घालून उचलता येतो. बकेट काढून त्या जागी अस्सल जड फोर्क बसवायचे तर खर्च मोठा आणि खटपटही बरीच. ऑस्ट्रेलियातल्या साउथ गिप्सलँडच्या डोंगरउतारांवर शहरातून निवृत्त होऊन आलेल्या, पाच-सात एकर आणि एक खेळण्याएवढा ट्रॅक्टर बाळगणाऱ्या मंडळींसाठी ही स्वस्तातली सोय. नेव्हिलने ती ऑनलाइन मागवली. सुळ्यांवर पिवळा स्टिकर होता: सातशे किलो. नेव्हिलने तो स्टिकर रुमालाने पुसून लख्ख केला.

सुळे सातशे किलोला वाकत नाहीत, एवढाच त्या स्टिकरचा अर्थ. ट्रॅक्टरला किती पेलतं हा निराळा प्रश्न. मोठं ताट मांडलं म्हणून भूक वाढत नाही. पण हे नेव्हिलला कोण सांगणार? त्याची उभी हयात मेलबर्नच्या एका बिस्किट कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून गेली होती. नव्या फोर्कलिफ्टवाल्यांना तोच शिकवायचा. फळ्यावर सीसॉ काढायचा, एका टोकाला खोका, दुसऱ्या टोकाला माणूस, आणि म्हणायचा, "पुढे जितकं वजन, मागे तितकं वजन. नाहीतर ढुंगण वर." पोरं हसायची. तो हसायचा नाही. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. त्याचं पिवळं जाकीट आणि शिटी अजून मागच्या दाराशी खुंटीला टांगलेली होती.

आता डार्सीचं. डार्सीचा दुधाचा धंदा, बायको ग्लेनिस, दोनशेच्या वर गाई, आणि नेव्हिलचा ट्रॅक्टर ज्याच्या पोटाखालून जाईल असा मोठा ट्रॅक्टर. नेव्हिल आणि त्याची बायको मॉरीन इथे राहायला आले त्या वर्षी त्यांच्या शेडचं सामान ट्रकमधून डार्सीनेच उतरवून दिलं होतं. न बोलावता आला, उतरवलं, टोपीला हात लावून गेला. या रस्त्यावर अशा मदतीचे पैसे विचारणं म्हणजे शिवी. त्याच्या बदल्यात बिअरची पेटी द्यायची, एवढंच. नेव्हिलनेही पेटी नेऊन दिली. हलक्या बिअरची, दारूचा अंश कमी असलेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याने पाहिलं, तर ती पेटी डार्सीच्या फाटकापाशी, दुधाचा टँकर वळतो तिथे, गवतात पडलेली. पावसात पुठ्ठा भिजून फुटला तरी तशीच. कुणी घरात नेली नव्हती, टाकलीही नव्हती.

नेव्हिलला जे समजायचं ते तो समजला. आपली भेट याला पसंत पडली नाही. बिअर हलकी तर हलकी, पण अशी रस्त्यावर मांडून ठेवायची? अख्ख्या गावाला दिसेल अशी? या भागात गाडीतून जाताना समोरच्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतात. नेव्हिलने डार्सीसाठी ते बोट उचलणं बंद केलं. मग डार्सीनेही केलं. पुढच्या वसंतात नेव्हिलने निळा ट्रॅक्टर घेतला, मग पुढे बकेट बसवायचा लोडर, मग हे सुळे. आपला हात जगन्नाथ. एक बिअरची पेटी माणसाला केवढ्याला पडू शकते याचा हिशोब मॉरीनने एकदा मांडायला घेतला होता, पण नेव्हिल तेव्हा अंगणात सुळ्यांना ग्रीस लावत होता.

जुलैमध्ये मॉरीन ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. गुरुवारी घरी सोडणार होते, पण इस्पितळातली चालणं शिकवणारी बाई घराचे फोटो पाहून म्हणाली, "गाडी लावता तिथपासून दारापर्यंत हा सगळा चिखल आहे. वॉकर रुतेल. पक्की वाट करा, नाहीतर त्यांना अजून महिनाभर शहरातल्या पुनर्वसन केंद्रात ठेवू." मॉरीनला इस्पितळाचाच वास सहन होत नव्हता. तिने नेव्हिलकडे नुसतं बघितलं. नेव्हिल म्हणाला, "वाट होईल." आणि त्याने सिमेंटच्या फरशा मागवल्या.

मंगळवारी ट्रक आला. ड्रायव्हर सिओने, मूळचा टोंगा बेटांवरचा, दारात मावणार नाही एवढा धिप्पाड आणि बोलायला अगदी मऊ. त्याने फाटकातून खाली जाणारा चिखलाचा उतार पाहिला आणि मान हलवली. "खाली नाही नेत मी गाडी, भाऊ. इथेच उतरवतो." त्याने पॅलेट फाटकाशी ठेवलं. मग निळा ट्रॅक्टर पाहिला. मग सुळे पाहिले. मग पुन्हा पॅलेट.

"सगळं ठीक ना?" सिओनेने विचारलं.

"एकदम."

"बरं." त्याने पॅलेटवर हात ठेवला. "पाहिजे तर अर्ध्या फरशा खाली काढून ठेवायला मदत करतो."

"कशाला? सातशेचे आहेत." नेव्हिलने स्टिकर दाखवला.

सिओनेने स्टिकर आदराने वाचला आणि तो गेला. या रस्त्याचा एक न लिहिलेला कायदा आहे आणि तो ट्रकवाल्यांनाही ठाऊक असतो. दुसऱ्याच्या यंत्राबद्दल त्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि आपण होऊन विचारायचं तर मुळीच नाही. त्यामुळे इथे दरवर्षी दोन-चार ट्रॅक्टर उलटतात, पण कुणाचा अपमान होत नाही.

फरशा हातगाडीने खाली नेल्या असत्या तर दोन दुपारी लागल्या असत्या. शहाण्या माणसाने निदान निम्म्या उतरवल्या असत्या. पण हॅनिगनच्या कुरणातून फाटक दिसतं. नेव्हिलने निम्म्या उतरवल्या असत्या तर डार्सीला दिसलं असतं. ट्रॅक्टरच्या मागे गवत कापायचं जड यंत्र जोडून मागचं वजन वाढवायचं असतं, तेही त्या दिवशी राहिलं. ते जोडायला चिखलात गुडघे टेकावे लागतात, आणि एवढ्याशा कामाला कोण टेकतो? फळ्यावरचा सीसॉ फळ्यावरच राहिला.

पॅलेट उचललं. ट्रॅक्टरने जरा कण्हल्यासारखं केलं, मागची चाकं हलकी झाली, पण उचललं. डावा सुळा बकेटच्या ओठावर किंचित तिरळा झाला. नेव्हिलने तिकडे न बघायचं ठरवलं. पुढचं दिसावं म्हणून त्याने पॅलेट छातीएवढं वर घेतलं. हेही तो पोरांना कधी करू देत नसे. मग उताराला तोंड करून निघाला. ओझं घेऊन उतरताना मागे मागे जायचं असतं, म्हणजे वजन चढाच्या बाजूला राहतं. पण मागे बघत उतरायचं म्हणजे मान दुखते.

उताराच्या मध्यावर ट्रॅक्टरचं ढुंगण वर गेलं.

नेव्हिलने ब्रेक दाबला. या छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात, आणि मागची चाकं या वेळी हवेत होती. पुढची चाकं चिखलातून घसरत निघाली. वळण डावीकडे होतं, घराकडे. ट्रॅक्टर सरळ गेला. समोर डार्सीचं तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे डार्सीचं शेणाचं तळं, गोठा धुतल्यावर सगळं पाणी ज्यात जाऊन पडतं ते. पॅलेट वर धरलेलं असल्यामुळे ते तारेवरून अलगद पलीकडे गेलं. मग बकेटचं बूड कुंपणाच्या जाड खांबावर दाणकन टेकलं आणि सगळं थांबलं.

नेव्हिल होता तसा सीटवर बसून राहिला. हाडं सगळी जागेवर होती. त्याने आधी मागे जायचा प्रयत्न केला. पुढची चाकं जागच्या जागी फिरून अजून खड्ड्यात गेली. त्याने इंजिन बंद केलं. मग उतरायला म्हणून तो सीटवरून थोडा उठला, आणि ट्रॅक्टर तळ्याच्या दिशेने वाकला. नेव्हिल चटकन खाली बसला. ट्रॅक्टर सरळ झाला. त्याने पुन्हा एकदा, अगदी हळू, थोडं उठून पाहिलं. ट्रॅक्टर पुन्हा वाकला.

म्हणजे सीसॉच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तोच होता. तो उतरला तर ट्रॅक्टर, फरशा, सुळे आणि स्टिकर सगळं तळ्यात. फोन घरात चार्जिंगला होता. असता तरी या खोलगटात रेंज कुणाला मिळते. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर जगात एकच माणूस होता, आणि हाक मारण्यासाठी नेव्हिलने एवढी वर्षं एवढा खर्च केला नव्हता.

तेवढ्यात पुढून थप् असा आवाज झाला. सुळे थोडे खाली झुकले होते आणि वरच्या थरातली एक फरशी घसरून तळ्यात पडली होती. शेणाच्या रबड्यावर दोन बुडबुडे आले.

डार्सी वासरांना चीक पाजायच्या बादल्या घेऊन तळ्याच्या बांधावरून आला. धावत वगैरे नाही. नेहमीच्या चालीने. मागे त्याची कुत्री, बिडी. कुंपणापाशी आल्यावर त्याने बादल्या खाली ठेवल्या, कोपर खांबावर टेकलं आणि डोंगराकडे बघितलं.

"काय नेव्हिल."

"काय डार्सी."

एवढ्या वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. सीटवर बसलेला नेव्हिल डार्सीच्या डोक्याच्या बराच वर होता. पडलो तरी नाक वर ही म्हण इतकी शब्दशः फार थोड्यांना जगता येते.

"पाऊस हटत नाही," डार्सी म्हणाला.

"नाही ना."

"तळं भरत आलंय."

"दिसतंय," नेव्हिल म्हणाला. त्याच्या जागेवरून ते जगात कुणापेक्षाही चांगलं दिसत होतं.

थप्. बिडीने बुडबुड्यांकडे पाहून कान टवकारले.

"गाई व्यायल्या का?" नेव्हिलने विचारलं.

"निम्म्या झाल्या. एकीला जुळं झालं. दोन्ही कालवडी."

"वा. नशीब आहे."

"आहे खरं." डार्सीने बुटाचा चिखल खांबाला पुसला. "शनिवारी आपले फुटबॉलवाले परत हरले."

"ऐकलं."

"तो नवा पोरगा आहे ना, त्याला बॉलच दिसत नाही. ग्लेनिस म्हणते, त्याला चष्मा लावून पाठवा."

"चष्म्याने काय होतंय. पायात दम पाहिजे."

"तेही आहे."

थप्. थप्. या वेळी दोन पडल्या. नेव्हिलने हाताखालचा लिव्हर थोडा मागे ओढून पाहिला. इंजिन बंद, त्यामुळे लिव्हर नुसताच हलला. डार्सी तिकडे बघत नव्हता. तो इतका काळजीपूर्वक बघत नव्हता की ते डोळ्यांत भरत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा एक, आणि ते भांडं मला दिसलंच नाही म्हणणारा दुसरा. अशी जोडी जमली म्हणजे दोघेही मरेपर्यंत उभे राहू शकतात.

"बसलायस वाटतं," डार्सी म्हणाला.

"हो. जरा."

"बरंय. वारा लागत असेल वर."

"छान लागतोय."

डार्सीने बादल्या उचलल्या. हा आता खरंच जाणार. जाऊ दे, तो स्वतःला म्हणाला, सिओने परत येईल, टपालवाला येईल, कुणीतरी येईल. टपालवाला उद्या येणार होता. पण डार्सी गेला नाही. बादल्या हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"मॉरीन कशी आहे?"

"बरी आहे. गुरुवारी सोडतायत."

"मग या तिच्यासाठी?" डार्सीने हनुवटीने फरशांकडे दाखवलं. पहिल्यांदाच.

"वॉकर चालायला वाट करायची आहे. नाहीतर म्हणाले, महिनाभर तिकडेच ठेवू."

डार्सीने बादल्या पुन्हा खाली ठेवल्या. "ट्रक आला तेव्हापासून बघतोय मी."

"म्हणजे सुरुवातीपासून?"

"तू मागचं वजन न लावता उचललंस तेव्हाच म्हटलं, हा आता उताराला जाईल."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं यंत्र आहे गड्या." डार्सी पहिल्यांदा वर, त्याच्या तोंडाकडे बघत होता. "आणि मी बोलू नये म्हणूनच तर घेतलंस ना ते?"

ते इतकं खरं होतं की नेव्हिलने दुसरंच उकरून काढलं. "तूच माझी बिअर रस्त्यावर टाकलीस," तो म्हणाला. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य कसं वाटतं ते त्यालाही ऐकू आलं.

"टाकली नव्हती." बिडी त्याच्या पायाला अंग घासून बसली. "त्या हिवाळ्यात मी सोडायला बघत होतो. दारू. ग्लेनिसने बॅग भरून दारात ठेवली होती. दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. रस्त्यावरच्या ज्याचं त्याचं काम करायचो आणि जो तो कडक बिअरची पेटी आणून द्यायचा. गोठ्यात थप्पी लागली होती. आणि तू एकट्याने हलकी आणलीस. मला वाटलं, याला कळलं. याने ओळखलं. इथे येऊन चार महिने झालेल्या माणसाने ओळखलं, मग बाकीच्यांना काय काय माहीत असेल? ती पेटी घरात न्यायची हिंमत होईना. फेकवतही नव्हती, कारण चांगल्या मनाने दिली होतीस. राहिली तिथेच."

"डार्सी, मी..."

"मग तू ट्रॅक्टर घेतलास. म्हटलं, बरोबर आहे. दारुड्याला आपल्या शेडजवळ कोण येऊ देईल?"

थप्.

नेव्हिलने ओळखलं वगैरे काहीच नव्हतं. त्या दिवशी दुकानात जाताना मॉरीन दारातून म्हणाली होती, "हलकी घे." तो समजला होता की हे आपल्याच शिकवणुकीचं फळ आहे, यंत्र आणि दारू एकत्र नको वगैरे. त्याला मनातून बरंही वाटलं होतं. हे सगळं आता डार्सीला सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि खाली उभा असलेला तो माणूस पाहिला. एवढी वर्षं स्वतःची लाज बाळगत, समोरून येणाऱ्या गाडीसाठी बोट न उचलता गेलेला. आणि याला आपण गर्विष्ठ म्हणत होतो. नेव्हिलला स्वतःची शरम वाटली. सीटवर बसल्या बसल्या, हवेत, सगळ्या जगापेक्षा उंचावर.

"मला कळलं नव्हतं रे काही," तो म्हणाला. "मला कधीच काही कळत नाही. मॉरीनने सांगितली म्हणून हलकी घेतली."

डार्सीने टोपी मागे सारली. "मॉरीनने?"

"हो. ती पेटी बघून मला वाटलं, तू मला हिणवतोयस. म्हणून हे सगळं." त्याने हाताने सगळं दाखवलं. ट्रॅक्टर, सुळे, तळं. हात हलला तसा ट्रॅक्टर डुलला आणि त्याने पटकन सीट धरली. "डार्सी, मला उतरता येत नाही. उतरलो तर हे सगळं तुझ्या तळ्यात जाईल. मदत कर."

"काय म्हणालास?"

"मदत कर म्हणालो. मागतोय मी."

"हं." डार्सीने कोपर खांबावरून काढलं. "मग आधी नाही का सांगायचं?"

तो वळला आणि आता मात्र धावतच गेला. पासष्टीचा माणूस, गमबुटांत, बादल्या तिथेच टाकून. जाता जाता मागे वळून ओरडला, "हलू नकोस."

"कुठे जातोय मी?" नेव्हिल म्हणाला, पण ते ऐकायला फक्त बिडी होती.

डार्सीचा मोठा ट्रॅक्टर फाटकातून उताराने आला, उलटा, मागे मागे. कसं उतरायचं असतं ते नेव्हिल मान वळवून बघत राहिला. डार्सीने निळ्या ट्रॅक्टरच्या मागच्या आकड्याला साखळी लावली आणि हळूहळू वर ओढायला लागला. मागची चाकं धप्पकन जमिनीवर आली तेव्हा नेव्हिलचे दात एकमेकांवर आपटले. पॅलेट तारेवरून अलीकडे आलं. येता येता एक अख्खा थर तळ्यात गेला. डावा सुळा बकेटच्या ओठावर आडवा झाला होता, आणि तो ओठ कुत्र्याने चावलेल्या चपलेसारखा दिसत होता. पिवळा स्टिकर मात्र जसाच्या तसा होता.

उरलेलं पॅलेट डार्सीने आपल्या अस्सल फोर्कवर घेतलं आणि दारापाशी नेऊन ठेवलं. चहाचा ट्रे ठेवावा तसं. मग उतरून त्याने जमीन पाहिली. "याखाली वाळू नाही घातलीस तर पहिल्या पावसात बसेल ही वाट."

नेव्हिलने फक्त विचारलं, "वाळू कुठे मिळते?"

बुधवारी सकाळचं दूध काढून झाल्यावर डार्सी वाळू घेऊन आला. दोघांनी मिळून वाट घातली. नेव्हिल फरशा समांतर आहेत की नाहीत ते डोळे बारीक करून बघत होता आणि डार्सी त्या बसवत होता. कुणीही कुणाला काही शिकवलं नाही, असं दोघेही म्हणतील. संध्याकाळी नेव्हिलने विचारलं, "तुला काय आणून देऊ?" आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की मागच्या वेळी हा प्रश्न विचारायचा राहिला होता.

डार्सीने विचार केला. "जिंजर बिअर. ती आल्याची, तिखट, बिनदारूची. आणि ते सुळे माझ्या तळ्यापासून लांब ठेव."

वाट दारापर्यंत पोचली नाही. तळ्यात गेलेल्या फरशांएवढी ती कमी पडली. शेवटच्या पायरीअलीकडे पाऊलभर चिखल राहिला. नव्या फरशा सोमवारी येणार होत्या. नेव्हिलने तिथे एक फळी टाकली, मग ती घसरते म्हणून काढली.

गुरुवारी तो मॉरीनला घेऊन आला. रस्त्यावर डार्सीची गाडी समोरून आली. डार्सीने एक बोट उचललं. नेव्हिलने अख्खा हात उचलला आणि गाडी जरा भरकटली. "समोर बघ," मॉरीन म्हणाली. तो वाटेत सगळं सांगत होता, सीसॉ, तळं, बुडबुडे, पेटी. हसवायचं म्हणून सांगत होता, पण ती हसत नव्हती, ऐकत होती.

वॉकर फरशांवर टकटक करत निघाला. नेव्हिल दोन पावलं मागून, हात छातीवर बांधून, कुंपणापाशी उभं राहतात तसा चालत होता.

"म्हणजे तुला माहीत होतं?" तो म्हणाला. "डार्सीचं?"

"ग्लेनिसने सांगितलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाली. अजूनही बुधवारी आम्ही चहाला भेटतोच की."

"मग एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस? मी समजत होतो, तो मला..."

"एकदा सांगायला आले होते. तू सुळ्यांना ग्रीस लावत होतास." ती थांबून दम घेत होती. "आणि तूही विचारलं नाहीस कधी. आठवडाभर पेटीकडे बघून रागावलास, मग ट्रॅक्टर घेतलास. हलकी का घ्यायची, एवढंसुद्धा विचारलं नाहीस."

वॉकर वाटेच्या टोकाला पोचला. पुढे चिखल, पलीकडे पायरी. मॉरीनने चिखल पाहिला. नेव्हिलने छातीवर बांधलेले हात पाहिले. आधीच द्यावा का, की तिला आवडणार नाही, की तीच म्हणेल, अशा विचारात तो होता.

मॉरीनने एवढा विचार केला नाही.

"नेव्हिल, हात दे," ती म्हणाली, आणि त्याने दिला.